पंचफुलाबाईंचा मीटर

"तार खोटं बोलत नाही" हे वाक्य विशाखा इंगळेचं. चार वर्षांपूर्वी, मुंबईतल्या एका थंडगार सभागृहात, पोरगेलेशी दिसणाऱ्या या इंजिनिअर बाईनं ते म्हटलं आणि टेबलाभोवतीच्या अकरा वजनदार माणसांनी एकदम माना डोलावल्या. एरवी या माणसांचं चहात साखर किती यावरही एकमत व्हायचं नाही.

प्रश्न तसा साधा होता. वीजबिल थकलं की विलंब आकार लागतो, वीज तोडली की पुन्हा जोडायचे पैसे पडतात. बंगल्यात राहणाऱ्यालाही तेवढेच आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही तेवढेच. बंगलेवाल्याच्या ते गावीही नसतं. खोलीवाल्याचं मात्र महिन्याचं रेशन त्यात जातं. म्हणून सरकारनं ठरवलं की हे आकार घरातल्या मिळकतीप्रमाणे घ्यायचे. उत्तम! पण मिळकत सांगणार कोण? दाखल्यावर विसंबावं, तर दारात दोन गाड्या उभ्या असलेल्या माणसाकडेही गरिबीचा दाखला निघतो. तेव्हा विशाखा म्हणाली, माणसाला विचारूच नका, तारेला विचारा.

विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू तारेत आपली खूण सोडते. फ्रीज सुरू होताना क्षणभर दांडगा प्रवाह ओढतो आणि मग शांत होतो. मिक्सर थरथरतो, इस्त्री एकदम चढते आणि एकदम उतरते, मोबाईलचा चार्जर बारीक बारीक कुरतडत राहतो. नवा मीटर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह मोजतो आणि या गर्दीतून एकेक वस्तू ओळखून काढतो. घरात काय काय आहे, ते किती वाजता आणि किती वेळ चालतं, यावरून त्या घराची ऐपत काढायचं गणित विशाखानं बसवलं. पाच वर्ग केले. पहिल्या वर्गाला पुन्हा वीज जोडायचे वीस रुपये, पाचव्याला सहा हजार. शिवाय पारा पंचेचाळीसच्या वर असेल, तर पहिल्या दोन वर्गांची वीज तोडायचीच नाही. वरच्या वर्गांना कसली सवलत? त्यांनी वेळेवर भरावं.

विशाखानं हे काम नुसतं डोक्यानं केलं नव्हतं, तिचा जीव गुंतला होता त्यात. ती दहावीत असताना अकोल्याला त्यांच्या घरची वीज तोडली होती, सहाशे चाळीस रुपयांसाठी. बापानं ते सहाशे चाळीस आणलेही कुठून तरी, पण वरचा दंड आणि जोडणीचा आकार मिळून रक्कम दुप्पट झाली होती. एकोणीस दिवस अंधार, परीक्षा तोंडावर. हे पुन्हा कुणाच्या लेकराच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती तीन वर्षं खपली होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती नागपूरहून अकोल्याला तपासणीसाठी आली. पारा अठ्ठेचाळीस. कार्यालयात बसून ती वर्ग बदललेल्या घरांची यादी बघत होती. दरमहा थोडी घरं एक पायरी वर जातात, थोडी खाली येतात. त्यात विशेष काही नसतं. पण एका घरानं वर्षभरात पहिल्यावरून थेट पाचव्या वर्गात उडी मारली होती. रोज अकरा तास एसी. फ्रीजचं दार दिवसाला साठ वेळा उघडलेलं. चौदा मोबाईल. मिक्सर सकाळी चारदा, चार वेगवेगळ्या वेळांना. बिल दोन महिने थकलेलं, आणि पुढे नोंद : वीज बंद, आज सकाळी अकरा वाजता.

ग्राहकाचं नाव : पंचफुला सीताराम सिरसाट. वडगल्ली, जुनं शहर.

विशाखानं नाव दोनदा वाचलं. मग टॅबलेट उचलला आणि ओढणी डोक्याला गुंडाळत ती जिना उतरली. घड्याळात पावणेबारा झाले होते. अकरा वर्षांत ती त्या गल्लीत गेली नव्हती. लग्न, नोकरी, बदली, आईचं आजारपण... कारणं पुष्कळ होती, पण रिक्षात बसल्यावर त्यातलं एकही तिला पटेना.

वडगल्लीत वड नाही. तो केव्हाच पडला, नाव राहिलं. गल्ली दुपारची ओस होती. दारं उघडी, आत माणूस नाही. सगळी माणसं एका घरात होती.

पंचफुलाबाईंची पुढची खोली दहा बाय बारा. खिडकीला ओली चादर, दाराला ओलं पोतं. जमिनीवर सतरंज्या, आणि सतरंज्यांवर म्हातारी माणसं, दोन-तीन बायका, पेंगुळलेली पोरं. कोपऱ्यात गुलाबराव ढोरे भिंतीला टेकून तोंडानं श्वास घेत होते. एके काळी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते ते. खिडकीखाली नसीमा वीस दिवसांच्या लेकीला ओल्या फडक्यानं पुसत होती. वर भिंतीवर एसी गप्प होता.

पंचफुलाबाई दारातच उभ्या राहिल्या. वय सत्तर, पण आवाज अंगणवाडीत सव्वीस वर्षं पोरांना रांगेत बसवणाऱ्या बाईचा.

"कोण वं?"

"मावशी, मी विशाखा. इंगळ्यांची."

बाईंनी डोळे बारीक केले. "विशू? व माय! केवढी झाली! ये, ये आत. उन्हात काहून उभी हायेस?" आणि लगेच, आवाज चढवून, "पाय बरं, कोणाची काय बुद्धी फिरली तं. मले म्हनते पाचवा वर्ग! मी काय मिलवाली हाव काय?"

विशाखा आत आली. ती खोलीकडे बघत होती. भिंतीला लागून फ्रीज, त्यावर ओळीनं स्टीलचे डबे, प्रत्येकावर वेगळ्या घराचं नाव. गुलाबरावांचं इन्सुलिन, कुणाचं दूध, कुणाचं भिजवलेलं पीठ. शेजारी फळीवर एकच मिक्सर आणि त्याची भांडी चार घरची. चार्जरची लांबलचक पट्टी. अंगणवाडीतून निघताना मिळालेल्या एकरकमी पैशातून बाईंनी एसी घेतला होता आणि पहिल्याच उन्हाळ्यात दार उघडं टाकलं होतं. पहिल्या वर्षी पाच माणसं आली. मागल्या वर्षी शेजारच्या गल्लीत उन्हानं दोघं गेले. यंदा वडगल्लीतलं कुणीच दुपारी आपल्या घरात थांबत नाही.

तारेनं खरंच खोटं सांगितलं नव्हतं. एसी होता, अकरा तास होता, चौदा मोबाईल होते. चूक विशाखाची होती. मीटर म्हणजे एक घर, आणि त्या मीटरमागची वीज म्हणजे त्या घरानं स्वतःसाठी वापरलेली वीज, असं धरून तिनं सगळं गणित मांडलं होतं. आणि हे धरणारी कोण? तर दहावीचं भूमितीचं पुस्तक याच खोलीत, याच बाईच्या दिव्याखाली पाठ केलेली पोरगी! तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी, बिल काहून थकलं?" नकळत तिच्या तोंडून जुनीच बोली आली.

"डब्यातले पैसे गुलाबरावच्या दवाखान्यात गेले ना." बाईंनी फळीवरचा पितळी डबा दाखवला. "जो खोलीत बसते तो यात टाकते. ज्याले जेवढं जमते तेवढं. दोन रुपये टाक, नाहीतं पन्नास टाक. कोनी पाहत नाही."

"मग मी भरते. आत्ता भरते मोबाईलवरून. दोन मिनिटांत चालू होईल."

"नाही."

"मावशी, ते लेकरू पाहा..."

"पाहून राहिली मी. पन बाहेरच्याचा पैसा या डब्यात येत नाही." बाईंचा आवाज खाली आला, पण पक्का झाला. "मागं एक निवडणुकीतला आला होता. पाच हजार टाकून गेला, अन् दुसऱ्या दिवशी माह्या एसीवर आपला फोटो चिकटवला. तवापासून नियम हाय, बसला तोच टाकंल. अन् दुसरं ऐक. आज तू भरले, म्हंजे मी पाचव्या वर्गाची हाव हे मी कबूल केलं. पुढच्या महिन्यात काय करू? तुमचं मशीन चुकलं न? मंग चूक दुरुस्त कर. पैशानं झाकू नोको."

विशाखा सतरंजीच्या कडेला उकिडवी बसली आणि टॅबलेटवर पडताळणीचा अर्ज उघडला.

पहिलाच प्रश्न आला : कुटुंबाबाहेरील व्यक्ती या जोडणीचा लाभ घेतात का? इथं 'हो' म्हटलं की विजेचं चोरटं वाटप ठरतं आणि दंड दुप्पट होतो. तार टाकून दुकानांना वीज विकणाऱ्यांसाठी हा प्रश्न होता, आणि तोही विशाखानंच घातलेला. तिनं बोट मागे घेतलं. मग तिला दुसरं कलम आठवलं. श्रीमंत घरं कागदावर चार चुली दाखवून चार गरीब घरं होतात, ती पळवाट बंद करायला तिनं कुटुंबाची व्याख्याच बदलून घेतली होती. जे जे एका जोडणीवर नेमानं विसंबून आहेत, ते सगळे एक कुटुंब. नात्याचा उल्लेख त्यात मुद्दामच नव्हता. म्हणजे इथं कुटुंबाबाहेरचं कुणी नव्हतंच; तिनं 'नाही' नोंदवलं.

"मावशी, इथं रोज कोण कोण बसतं? नावं सांगा. अन् कोणाची मिळकत किती तेही."

खोलीत चुळबुळ झाली. मिळकत सांगायची म्हणजे सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. शेवटी गुलाबरावच म्हणाले, "लिही. ढोरे गुलाबराव. पेन्शन हाय, पन ते औषधवाल्याची हाय, माही नाही." कुणीतरी हसलं, आणि मग नावं येत गेली. नसीमा, तिचा नवरा, लेक. "लेकीचं नाव काय?" "अजून ठेवलं नाही, ताई." "मग?" पंचफुलाबाई म्हणाल्या, "लिही, बाळ. ते बी बसते, सगळ्यायपेक्षा जास्त बसते."

एकोणीस नावं झाली. सगळ्यांची मिळकत एकत्र करून माणसांवर वाटली आणि यंत्रानं क्षणात उत्तर दिलं : वर्ग एक. वीज तत्काळ सुरू करता येईल.

खोलीत एकदम हुश्श झालं. नसीमानं लेकीचा मुका घेतला. विशाखानं पुढचं बटण दाबलं आणि तिचा हात तिथंच थांबला. शेवटची पायरी राहिली होती, तोंडी घोषणा. अधिकारी आणि ग्राहक यांचं साटंलोटं असू नये म्हणून अधिकाऱ्यानं ग्राहकासमोर, स्वतःच्या आवाजात एक वाक्य बोलायचं. यंत्र ते कायमचं जपून ठेवतं. पडद्यावर ठळक अक्षरांत वाक्य आलं :

या घराशी माझा कोणताही संबंध नाही.

"काय झालं?" पंचफुलाबाईंनी विचारलं. त्यांनी वाकून वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द. आणि हसल्या. "एवढंच? म्हन न मंग. म्हनल्यानं काय अंगाले भोकं पडते? म्हन पटकन, लेकरू तापून राहिलं."

खोलीतली सगळी माणसं विशाखाकडे बघत होती. एकच वाक्य, आणि एसी सुरू. तिनं तोंड उघडलं. "या घराशी..." एवढं म्हणून ती थांबली.

बोलणं सोपं होतं, पण तिला ते एकोणीस दिवस दिसत होते. रोज दिवेलागणीला ती पुस्तकं छातीशी धरून याच दारात यायची. मावशी काही विचारायच्या नाहीत. आपली खाट बाहेर अंगणात टाकायच्या आणि खोली तिला मोकळी करून द्यायच्या. मावशींचा नवरा बिलावरून कुरकुरला, तेव्हा आतून आवाज आला होता, "पोरगी शिकून राहिली, तुमचा दिवा काय झिजते?" त्या महिन्याचं मावशींचं बिल वाढलं असणार. किती वाढलं, हे विशाखानं कधी विचारलं नव्हतं. आणि आज त्याच खोलीत, त्याच बाईच्या तोंडावर, कायमची नोंद म्हणून म्हणायचं की संबंध नाही?

आणखी एक गोष्ट तिला कळत होती. हे वाक्य खोटं निघालं, तर विशाखाचं जे व्हायचं ते होईलच, पण अर्ज रद्द होऊन दंड मावशींच्याच डोक्यावर बसेल. खोट्याच्या आधारावर या बाईला गरीब ठरवायचं म्हणजे तिच्या खऱ्या गोष्टीचीही माती करायची.

"संबंध आहे," विशाखा म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

यंत्र क्षणभर थांबलं. मग पडद्यावर प्रश्न आला : संबंधाचा प्रकार? खाली यादी. रक्ताचा. विवाहाचा. व्यवहाराचा. इतर. ही यादीही तिचीच. तिनं 'इतर' निवडलं आणि पुढच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं : यांच्या घरच्या दिव्याखाली मी दहावी झाले.

अर्ज बंद झाला. उत्तर आलं : प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग. निर्णय तीन दिवसांत.

"तीन दिवस?" नसीमा उठून बसली. पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला. "काय केलं वं तू हे, विशू! एवढं शिकून एक वाक्य नाही बोलता आलं तुले!"

"नाही आलं, मावशी." विशाखाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "तुम्हीच म्हणाल्या ना, चूक झाकू नोको? आता ती चूक माह्या नावासकट नोंदली गेली, कोणाले झाकता येणार नाही. पन तीन दिवस हे लेकरू असं नाही राहू शकत. मले भरू द्या."

"नियम..."

"थांब पंचफुले." भिंतीला टेकलेले गुलाबराव बोलले. दम लागत होता, तरी बोलले. "नियम काय हाय? बसला तो टाकंल. हे बसली होती. अंगनात तुही खाट अन् आत हे. म्या सोताच्या डोयानं पाह्यली. तवा डबा नव्हता, म्हनून हिचं राहून गेलं."

पंचफुलाबाई वळल्या. त्यांनी विशाखाकडे पाहिलं, खाली टॅबलेटवरच्या त्या ओळीकडे पाहिलं. मग पदरानं आपलंच तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं.

"मंग नीट बस आधी," त्या म्हणाल्या. "अशी उकिडवी बसलेली मी मोजत नाही."

नसीमानं सरकून जागा केली. विशाखा सतरंजीवर मांडी घालून बसली, त्या भट्टीत, सगळ्यांमध्ये. पंचफुलाबाईंनी मान डोलावली. मग तिनं मोबाईल काढला आणि दोन महिन्यांचं बिल, विलंब आकार आणि पाचव्या वर्गाचा जोडणी आकार, सगळं भरलं. पाचव्या वर्गात तिचं स्वतःचं नागपूरचं घर होतंच. तिला तो आकडा जड नव्हता, आणि कायदाही नेमका तेवढ्यासाठीच केला होता. मिनिटभरानं भिंतीवर टिक्कन आवाज झाला. एसीची पट्टी हळूच उघडली आणि बाळ आधी दचकलं, मग झोपलं.

दुपारचे चार वाजेपर्यंत विशाखा तिथंच बसली. कुणीतरी मिक्सर लावला, कुणीतरी फ्रीज उघडला. प्रत्येक आवाजाला तिला मीटरमधली खूण आठवत होती.

पाच वाजता तिच्या वरिष्ठांचा, चौधरी साहेबांचा फोन आला. आवाजात राग कमी आणि वैताग जास्त. "मॅडम, काय करून बसलात? एका मीटरमागे एकोणीस माणसं निघाली, ही तुमची नोंद. आता तिच्यामुळे अशी उडी मारलेली सगळी घरं पुन्हा तपासावी लागणार. किती आहेत माहीत आहे?"

"एक लाख बारा हजार, सर."

"आणि त्यातली निम्मी खरोखरच श्रीमंत असतील!"

"असतील. पण आपण आत जाऊन पाहिलेलं नाही, सर. मीटर आपल्याला वस्तू सांगतो, माणसं सांगत नाही. ती मोजायचं माझ्याकडून राहिलं."

साहेब म्हणाले की चौकशी होईल, आणि ती होईपर्यंत पडताळणीच्या कामावर येऊ नका. विशाखानं बरं म्हटलं. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. पण वाटलं, हे खरं.

तिसऱ्या दिवशी दुसरा अधिकारी वडगल्लीत आला. तरुण होता, घामानं निथळत होता. आल्या आल्या त्याला पंचफुलाबाईंनी बसवलं, पाणी दिलं. त्यानं एकोणीस माणसं मोजली, डबे मोजले, गुलाबरावांशी औषधांवर अर्धा तास बोलला, आणि कुणाशीही कोणताही संबंध नसल्याचं मोठ्यानं सांगून वर्ग एक नोंदवून गेला. जाताना त्यानं डब्यात दहा रुपये टाकले. बसला होता, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

त्या रविवारी सकाळी विशाखा नागपूरला घरी आईसाठी पोहे करत होती, तेव्हा फोन वाजला.

"विशू, मी बोलून राहिली. तुमच्या ऑफिसनं ते जास्तीचे पैसे माह्या खात्यात वापस केले. पुरे सहा हजारावर हायेत."

"बरं झालं, मावशी. राहू द्या तुमच्याकडेच."

"माह्याकडं काहून? म्या काढून आनले अन् डब्यात टाकले. तुले सांगाले फोन केला, मागशीन म्हनून. एकोणीस दिवस बसली होती तू. आता तुही काही बाकी नाही."

विशाखाला हसू आलं आणि हुंदकाही आला. गॅस बंद करून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"ऐकून राहिली ना?" पलीकडून आवाज आला. "नसीमाच्या पोरीचं बारसं हाय गुरुवारी, दुपारी, एसीतच. कामावरून काढलं म्हने तुले. मंग येजो. अन् येताना आईले घेऊन येजो, तिले म्हन, तिची बी जागा हाय."

"येतो दोघी, मावशी," विशाखा म्हणाली.